चिकोडीचे श्री ठाणेदार आणि डेट्रॉइटमधले चाळीस लाख डॉलर

चिकोडी ते डेट्रॉइट

श्री ठाणेदार यांचा जन्म १९५५ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचा. तेव्हा तो जिल्हा मुंबई राज्यात होता. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात आला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. १९७९ साली ठाणेदार रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले, तिथे उद्योजक झाले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठीची पक्षांतर्गत निवडणूक हरले आणि २०२० मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचे आत्मकथन आम्हा म्हैसूरकर मराठी माणसांनाही परिचयाचे आहे. मात्र त्यांची २०२२ ची अमेरिकी संसदेची निवडणूक त्या पुस्तकानंतरची. परराष्ट्रधोरणासाठी झटणारा गट ‘आपला खासदार कोण’ या प्रश्नात कसा उतरतो, हे तिच्यात फार जवळून दिसते.

पैसा परदेशी नसतो

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकी निवडणुकीत परदेशी सरकारला किंवा परदेशी नागरिकाला पैसा घालता येत नाही. कायद्याने बंदी आहे. ग्रीनकार्ड मिळालेला पुण्याचा इंजिनिअर तिथे देणगी देऊ शकतो, मत देऊ शकत नाही. एच-१बी व्हिसावरच्या त्याच्या भावाला दोन्ही करता येत नाही. सांगलीच्या काकांनी पुतण्याच्या प्रचारासाठी पैसे पाठवले, तर तो गुन्हा ठरेल.

‘अमेरिकन इस्रायल पब्लिक अफेअर्स कमिटी’, म्हणजे एपॅक, ही १९५० च्या दशकातली संस्था अमेरिकी नागरिकांचीच आहे. अमेरिका-इस्रायल संबंध घट्ट राहावेत म्हणून ती खासदारांपुढे बाजू मांडते. भारत-अमेरिका अणुकराराला २००८ साली अंतिम मंजुरी मिळाली, त्याआधी भारतीय वंशाच्या अमेरिकनांनी अमेरिकी संसदेत जी धडपड केली, तीही याच जातीची. त्यांच्यातल्या अनेकांपुढे नमुना ज्यू संघटनांचाच होता.

२०१० नंतर काय बदलले

साध्या निवडणूक निधी समितीला, तिथल्या भाषेत ‘पॅक’ला, एका उमेदवाराला एका निवडणुकीत पाच हजार डॉलरपर्यंतच देता येतात. २०१० च्या न्यायालयीन निकालांनी ‘सुपर पॅक’ची वाट उघडली. सुपर पॅकचा पैसा उमेदवाराच्या हातात द्यायचा नाही, त्याच्याशी संगनमत करायचे नाही. पण बाहेरून जाहिरातींवर वाटेल तेवढा खर्च करता येतो. एपॅकने अनेक दशके उमेदवारांना थेट पैसे दिले नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये तिने धोरण बदलले आणि ‘युनायटेड डेमोक्रसी प्रोजेक्ट’ हा सुपर पॅक उभा राहिला.

२ ऑगस्ट २०२२

मिशिगनचा तेरावा मतदारसंघ डेट्रॉइटचा, डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. तिथे नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती असते. खरा निकाल ऑगस्टमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत लागतो. तिला मतदान कमी होते. थोड्या मतांवर बाजी पलटते, म्हणून असे गट पैसा इथेच ओततात.

ठाणेदारांनी २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळात एका ठरावाला पाठिंबा दिला होता: अमेरिकेने इस्रायलला दिली जाणारी मदत थांबवावी. एपॅकच्या सुपर पॅकने त्यांच्याविरुद्धचे उमेदवार ॲडम हॉलियर यांच्यासाठी चाळीस लाखांहून अधिक डॉलर खर्च केले. ठाणेदारांनी स्वतःच्या संपत्तीतून प्रचार केला. रिंगणात नऊ जण होते, मते फुटली, आणि सुमारे २८ टक्क्यांवर ठाणेदार जिंकले. १९५५ पासून डेट्रॉइटला सतत कृष्णवर्णीय खासदार होता. ती परंपरा या निकालाने खंडित झाली, आणि तिथल्या अनेकांना ते लागले. मराठी आनंदात हे विसरू नये.

त्याच दिवशी शेजारच्या अकराव्या मतदारसंघात खासदार अँडी लेविन पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. ते स्वतः ज्यू, पण इस्रायलच्या धोरणांवर टीका करणारे. तिथेही याच सुपर पॅकने हेली स्टीव्हन्स यांच्यासाठी चाळीस लाखांहून अधिक डॉलर ओतले होते. म्हणजे एकाच गटाचा पैसा एकाच दिवशी एका ठिकाणी फुकट गेला, दुसऱ्या ठिकाणी फळला. पैशाने निवडणूक हमखास विकत मिळते, असे म्हणणे म्हणूनच चूक आहे.

जाहिरातीत नसलेला विषय

मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच. या सुपर पॅकच्या जाहिरातींत इस्रायलचे नाव क्वचितच येते. उमेदवाराचा स्वभाव, त्याचे व्यवहार, पक्षाशी निष्ठा, स्थानिक प्रश्न यांवर त्या बोलतात. बेळगावात याच्या नेमके उलट घडत आले आहे: गटारांची आणि नळांची महापालिका निवडणूकही महाराष्ट्र एकीकरण समितीने सीमाप्रश्नाचा फलक उघड धरून लढवली. मतदाराला पटो वा न पटो, कशासाठी मत मागताहेत ते त्याला माहीत असते. डेट्रॉइटच्या मतदाराला टीव्हीवरची जाहिरात पाहून ते कळत नाही. शिवाय या सुपर पॅकमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या बड्या देणगीदारांचाही पैसा होता आणि तो डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवायला वापरला गेला. कायद्याला हे चालते. मला ते मतदाराशी अप्रामाणिक वाटते.

निकालानंतर

खासदार झाल्यावर ठाणेदारांची इस्रायलविषयीची भूमिका बदलली. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमास हल्ल्यानंतर काही दिवसांतच त्यांनी ‘डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका’ या इस्रायलवर टीका करणाऱ्या डाव्या संघटनेचे सदस्यत्व सोडले. २०२४ मध्ये एपॅकने त्यांनाच पाठिंबा दिला. हा बदल पैशाच्या धाकाने झाला की मनापासून, हे बाहेरून सिद्ध करता येत नाही, आणि तसा आरोप मी करणार नाही. पण चाळीस लाख डॉलरच्या प्रचाराला तोंड दिलेला माणूस पुढच्या मतदानाला हात वर करताना ते विसरत असेल, हेही मला पटत नाही. या गटांचा प्रभाव मोजायचा, तर निकालापेक्षा त्या क्षणाकडे पाहावे लागते.

२०२४ च्याच जूनमध्ये न्यूयॉर्कचे खासदार जमाल बोमन पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. त्या एका लढतीत याच सुपर पॅकने सुमारे दीड कोटी डॉलर घातले होते. ६ ऑगस्ट २०२४ ला डेट्रॉइटमध्ये ठाणेदार पुन्हा जिंकले. त्याच दिवशी, ज्या सेंट लुईस परिसरात त्यांचा उद्योग उभा राहिला होता, तिथे गाझातील युद्धबंदीची मागणी करणाऱ्या कोरी बुश याच सुपर पॅकच्या लाखो डॉलरच्या प्रचारापुढे आपली जागा गमावून बसल्या.