नवी मुंबई, फुल चार्ज!

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ आणि ‘उष्णता’ हे दोन धडे भिंतीला भिंत लावून राहतात. माहीत आहे का, यांचं नातं शेजाऱ्यांपेक्षाही जवळचं आहे? वीज कुठेही वापरा, शेवटी तिची उष्णता होतेच, आणि उष्णतेपासून पुन्हा वीजही करता येते. पुरावे हवेत? लॅब कशाला, नवी मुंबई आहे ना!

हार्बरची शंभरी

देशातली पहिली इलेक्ट्रिक ट्रेन कुठे धावली, माहीत आहे का? आपल्या हार्बर लाइनवर! ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला. तेव्हा तारेत होते १,५०० व्होल्ट डीसी. २०१६ मध्ये हार्बरनं डीसीला टाटा केला आणि आज पनवेल लोकलच्या डोक्यावर आहेत २५,००० व्होल्ट एसी. घरातल्या प्लगमध्ये २३०. म्हणजे शंभरपटीहून जास्त!

एवढे व्होल्ट कशाला? सोप्पं आहे. तेवढीच पॉवर जास्त व्होल्टवर पाठवली की करंट कमी लागतो, आणि तार तापते ती करंटमुळे. करंट निम्मा केला की उष्णता थेट पाववर! जूलसाहेबांचा नियम, रेल्वेचा फायदा.

कावळा सेफ, टपावरचा अनसेफ

विजेच्या तारेवर कावळा मजेत बसतो, त्याला शॉक का बसत नाही? दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे दोन्हीकडे व्होल्टेज सारखंच. फरक नाही, तर करंट त्याच्या अंगातून जाईल कशाला?

आता जरा सीरियस. गाडीच्या टपावर चढलेल्या माणसाचे पाय रुळांमार्फत जमिनीशी जोडलेले असतात. फरक थेट २५,००० व्होल्टचा. तारेला हात लावायचीही गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज हवेतून झेप घेते. सेल्फीसाठी टपावर चढायचं नाही म्हणजे नाही!

तुमचे इलेक्ट्रॉन ‘लोकल’ आहेत

खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूचं पाणी पाइपांमधून सुमारे ५०० मीटर खाली झेपावतं, टर्बाइन फिरवतं आणि वीज तयार! सुरुवातीला या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या.

पण वीज केंद्रातून निघालेले इलेक्ट्रॉन तुमच्या बल्बपर्यंत येतच नाहीत, हे माहीत आहे का? एसी करंटमध्ये ते सेकंदाला ५० वेळा जागच्या जागी मागे-पुढे होतात, बस्स. वाशीच्या घरातल्या वायरीतले इलेक्ट्रॉन अस्सल वाशीकर! प्रवास करते ती ऊर्जा.

उरणचा डबल धमाका

उरणच्या गॅस टर्बाइन वीज केंद्रात गॅस जाळून टर्बाइन फिरतात. मग धुराड्याकडे निघालेल्या गरम वायूंना मध्येच अडवून त्यांच्यावर पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर आणखी दोन टर्बाइन. केंद्राच्या ६७२ मेगावॅट क्षमतेपैकी २४० मेगावॅट या ‘वाया जाणाऱ्या’ उष्णतेची! एका गॅसमध्ये दोनदा वीज, पैसा वसूल.

नाव अग्निपंख, पाय गारेगार

नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत फ्लेमिंगो, म्हणजेच अग्निपंख, एका पायावर का उभे असतात? एक कारण उष्णता वाचवण्याचं. पिसं नसलेल्या पायांतून उष्णता भराभर पाण्यात जाते. मग एक पाय पोटाशी घेतला की गळती निम्मी! पाण्यात असताना आणि गारवा वाढला की ते जास्त वेळा एका पायावर उभे राहतात, असं संशोधकांना दिसलंय.

ट्विस्ट अजून बाकी आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाहिलं, की मेलेला फ्लेमिंगोसुद्धा एका पायावर तोलून उभा करता येतो. दोन पायांवर मात्र नाही! म्हणजे स्नायूंचेही कष्ट वाचले. डबल बचत!

सेतू चक्क लांबतो

१२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटरचा. तो एकसंध असता, तर १० अंशांनी तापल्यावर दोन मीटरहून जास्त लांबला असता! म्हणून पुलांना जागोजागी सांधे ठेवतात. गाडीची चाकं त्यांच्यावरून जातात तेव्हा ‘टडक्-टडक्’ वाजतं ना, तो प्रसरणाचा धडा.

वीस प्रवासी = एक गीझर

शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. सकाळी ८.३० ला वाशीच्या गर्दीत दाराशी उभे असलेले २० जण म्हणजे २,००० वॉटचा चालता-फिरता गीझर! त्यात हवा दमट, घाम सुकत नाही. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून तर पंख्याखालची जागा सोन्याची.

एसीत ‘टन’ कसला?

दीड टनाचा एसी दीड टन वजनाचा नसतो, हे ठाऊक आहे. मग टन कसला? बर्फाचा! एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी उष्णता काढायची ताकद म्हणजे एक टन. हा टन जुन्या अमेरिकन मापाचा, सुमारे ९०७ किलोंचा. बर्फ गेला, हिशेब राहिला.

वडा गातो कुणासाठी?

कढईतलं तेल साधारण १८० अंशांवर, पाणी मात्र १०० अंशांवरच उकळतं. पिठातल्या पाण्याची क्षणात वाफ होते, बुडबुडे उसळतात आणि सुरू होतो तो ‘चर्रर्र’. आवाज मंदावला की समजा, पाणी संपत आलं, वडा झाला!

रील बघा, उष्णता करा

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. माहीत आहे का, सर्व्हरनं खाल्लेल्या विजेची जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होते? म्हणून तिथे कॉम्प्युटरइतकंच महत्त्व कूलिंगला.

आता तुमची पाळी

एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. आपण दिवसाला साधारण २,००० किलोकॅलरी खातो, म्हणजे प्रत्येक जण सव्वादोन युनिटच्या आसपास चालतो. या महिन्याचं बिल काढा. युनिटना ३० नं भागा, मग २.३ नं. बिल २१० युनिटचं असेल, तर उत्तर तीन. म्हणजे तुमच्या घरात तीन अदृश्य पाहुणे रोज जेवून जातात! उत्तर सहाच्या वर गेलं, तर उठा आणि रिकाम्या खोलीतला पंखा आधी बंद करा.