शुश्रूषेची सनद

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण मराठीत इतक्या सहजतेने वापरतो की, त्याच्या पोटी असलेला मूळ अर्थ आपल्या ध्यानीमनीही येत नाही. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, आणि त्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा पहिला अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा असून, सेवा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. ज्यांनी हा अर्थविस्तार रूढ केला त्यांच्या मनात काय होते ते सांगणे कठीण. परंतु परिचर्येच्या शिक्षणाचे पहिले वर्ष एका जिल्ह्याच्या गावी थोडेसे जवळून पाहिल्यावर, त्या वर्षात जे जे म्हणून शिकवले जाते त्याचा पाया हाच आहे, याविषयी माझ्या मनात संदेह उरला नाही.

प्रात्यक्षिकाच्या त्या खोलीत सहा खाटा होत्या, एका खाटेवर रबरी पुतळा निजवलेला होता आणि भोवती नुकत्याच बारावी होऊन आलेल्या मुली व दोन मुलगे उभे होते. पहिला तास खाट तयार करण्याचा. खाली मॅकिंटॉशचा रबरी तुकडा, त्यावर आडवी चादर, कोपऱ्यांना ठरावीक कोनात मारलेली घडी, आणि शेवटी तळहात फिरवून घेतलेली परीक्षा, की कोठे सुरकुती राहिली आहे काय? हा सर्व खटाटोप नीटनेटकेपणासाठी असावा अशी माझीही समजूत होती; ती पाठ्यनिर्देशिकाबाईंनी दोन वाक्यांत दूर केली. उठता न येणारा रुग्ण ज्या सुरकुतीवर तासन् तास पडून राहतो, तेथील कातडीचा रक्तपुरवठा दाबला जातो, आणि माकडहाडापाशी, टाचेशी किंवा खांद्याच्या पात्यावर प्रथम लाली व मागाहून जखम दिसू लागते. वॉर्डात तिला ‘बेडसोर’ म्हणतात, आणि ती एकदा चिघळली की मूळ दुखण्याहून जड होऊन बसते. म्हणून अशा रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावयाची, ती दिवसा बदलावयाची आणि रात्री सर्व निजानीज झाल्यावर, कोणी पाहत नसतानाही बदलावयाची.

दुसरे प्रात्यक्षिक श्वास मोजण्याचे होते, आणि ते मला अधिक विचार करावयास लावणारे वाटले. एका मुलीने सोबतिणीच्या मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजली, हात सोडला आणि “आता श्वास मोजते हं” असे म्हटले. बाई लगेच म्हणाल्या, “श्वास मोजते असं सांगितलंस की संपलं. माणूस त्या क्षणापासून वेगळा श्वास घ्यायला लागतो. नाडी झाली तरी मनगट सोडू नकोस, आणि नजर तेवढी छातीवर ने.” त्यावर त्या मुलीने विचारलेला प्रश्न मला अद्याप आठवतो: “पण मॅडम, म्हणजे त्यांना न सांगता करायचं?” क्षणभर थांबून बाई म्हणाल्या, “मोजून झालं की सांगायचं. किती भरले तेही सांगायचं. शरीर त्यांचं आहे.” नीतिशास्त्राचा तास वेळापत्रकात पुढे होता, परंतु तो तेथेच, त्या मनगटापाशी, सुरू झाला असे मी मानतो.

हे शिक्षण महाराष्ट्रात मुख्यतः तीन वाटांनी मिळते. एएनएम, म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसविकेचा शिक्षणक्रम, दोन वर्षांचा. जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका पदविका, तीन वर्षांची. आणि विद्यापीठाची बी. एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षांची. एएनएम झालेली मुलगी बहुधा उपकेंद्रावर जाते. सपाट प्रदेशात पाच हजार व डोंगरी-आदिवासी मुलुखात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असे सरकारी प्रमाण आहे, म्हणजे तितक्या लोकांचे लसीकरण, गरोदर बायांची तपासणी आणि नोंदवह्यांचे सारे दप्तर तिच्या गळ्यात येते. जीएनएम वा पदवीधर मुलगी इस्पितळात अधिपरिचारिका होते; तिच्या वर वॉर्डाची परिसेविका, आणि त्याही वर अधिसेविका, जिला अद्यापि सर्वजण मेट्रन याच नावाने ओळखतात. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, आहार, मानसशास्त्र, प्रथमोपचार आणि परिचर्येची मूलतत्त्वे हे विषय असतात. त्यांचा तपशील अभ्यासक्रमाच्या पुस्तकात कोणासही पाहता येईल.

सेवकाचे शिक्षण हा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. आणि परिचारकाच्या ठायी उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत अशी अपेक्षा केली आहे. त्यांत ज्ञान प्रथम आहे आणि अनुराग मागाहून, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. कारण परिचारिकेला केवळ माया असली म्हणजे पुरे, ही आपल्या समाजाची समजूत त्या ग्रंथालाही मान्य झाली नसती. अर्वाचीन काळी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात काम केले आणि १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा काढली, तेव्हापासून या कामास व्यवसायाची प्रतिष्ठा येऊ लागली. आपल्याकडे पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, विधवा व गरजू स्त्रियांना ससून इस्पितळात परिचर्या शिकण्यास पाठविले. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणे हीच ज्या काळी अब्रूची हानी समजली जाई, त्या काळी त्या स्त्रियांनी व त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांनी दाखविलेले धैर्य आज कल्पनेनेच जाणावे लागते.

शिक्षणाच्या आरंभी बहुतेक शाळांत दीप उजळून एक प्रतिज्ञा घेतली जाते. ती नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जात असली, तरी त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथील एका परिचारिका-विद्यालयात लिस्ट्रा ग्रेटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सिद्ध केली. तिच्यात वैद्याला निष्ठेने साह्य करण्याचे वचन आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु निष्ठा म्हणजे निमूट आज्ञापालन, असा जो अर्थ आपल्या इस्पितळांत दीर्घकाळ रूढ होता, तो नीतीला सोडून आहे आणि कायद्यालाही. येथे मला दुसरा एक शब्द आठवतो, तो म्हणजे ‘जबाबदारी’. हा फारसी अमदानीतून आपल्याकडे आलेला शब्द, आणि त्याचा सरळ अर्थ जबाब देण्यास बांधलेले असणे. शुश्रूषा म्हणजे ऐकणे आणि जबाबदारी म्हणजे उत्तर देणे. संस्कृताच्या आणि फारसीच्या या दोन शब्दांच्या मध्ये परिचारिकेचा सारा दिवस जातो.

जबाब देण्याचे हे बंधन नोंदणीपासून सुरू होते. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला; स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला; महाराष्ट्र राज्याने १९६६ साली आपला स्वतंत्र कायदा केला; आणि १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्यावाचून परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते नाव कमी करण्याचा अधिकार परिषदेला असतो. ही सनद केवळ कागद नव्हे, हे एका प्रकरणावरून ध्यानात येईल. एका खाजगी रुग्णालयात तापाने आजारी असलेल्या लहान मुलाला शिरेतून चुकीचे इंजेक्शन दिले गेले, मुलाचे हृदय बंद पडले, आणि ते जगले तरी मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन देणारी परिचारिका कोणत्याही राज्याच्या परिषदेत नोंदलेली नव्हती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलाला साडेबारा लाख व आईबापांना पाच लाख रुपये भरपाई देवविली आणि १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. रुग्णाइतकेच त्याचे आईबापही ग्राहक होत, हेही त्याच निकालात ठरले. कमी पगारात मिळते म्हणून अर्धशिक्षित मुलीला पांढरा झगा चढवून वॉर्डात उभे करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने हा निकाल वाचावा, आणि त्या मुलीनेही वाचावा.

म्हणून औषध देण्यापूर्वीच्या पाच तपासण्या पहिल्याच वर्षी पाठ करून घेतात. रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, मार्ग तोच आणि वेळ तीच. पोटॅशियम क्लोराइडची बाटली बाई हातात घेऊन दाखवितात. सलाईनमध्ये योग्य प्रमाणात मिसळून सावकाश दिले तर हेच द्रव्य जीव वाचविते, आणि पातळ न करता शिरेत एकदम ढकलले तर हृदय थांबविते. समजा, घाईत कोणा डॉक्टरांनी मात्रा चुकीची लिहिली, तर ती मात्रा न देता, “सर, हे एकदा पाहाल का?” असे विचारणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे, आणि “डॉक्टरांनी सांगितले म्हणून दिले” हा जबाब तिला चौकशीत तारत नाही. फोनवरची आज्ञा आणीबाणीतच घ्यावयाची, ती उलट म्हणून दाखवावयाची, लिहून ठेवावयाची आणि मागाहून सही घ्यावयाची. केस पेपरवर चूक झाली तर तिच्यावर एक रेघ मारून शेजारी सही करावयाची. खाडाखोड करावयाची नाही, पांढरा रंग फासावयाचा नाही. जे लिहिलेले नाही ते केलेले नाही, असे कायदा समजून चालतो. शस्त्रक्रियेची संमती घेताना धोके समजावून सांगणे हे डॉक्टरांचे काम. परंतु रुग्णाने अंगठा उठविला तो समजून की घाबरून, हे तेथे साक्षीला उभ्या असलेल्या परिचारिकेलाच पुष्कळदा प्रथम कळते, आणि कळल्यावर तिने गप्प राहू नये.

गुप्ततेचे बंधनही असेच आहे. एचआयव्हीबाधित रुग्णाची माहिती फोडण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास १९९४ च्या कायद्याने सर्वांनाच मनाई आहे, आणि प्रसूतिगृहात सासूने हातात नोट ठेवून केलेल्या पृच्छेलाही ती लागू आहे. परंतु काही ठिकाणी गप्प राहणे हाच अपराध ठरतो. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर पोलिसांना इतला न देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने दंडनीय आहे. काय झाकावे आणि काय उघड करावे, याचा विवेक सतरा-अठरा वर्षांच्या मुलीकडून आपण अपेक्षितो. तेव्हा तो तिला शिकविण्यासाठी पुरेसे तास व पुरेशा शिक्षिका देणे हे शासनाचे काम आहे.

एक गोष्ट मला येथे स्पष्ट म्हणावयाची आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीकृत डॉक्टरांच्या वैद्यकीय प्रक्रियेबाबत मात्र ही मर्यादा दोन वर्षांची आहे. डॉक्टरांची तेथे जी व्याख्या दिली आहे तिच्यात परिचारिका बसत नाही. एकाच खाटेपाशी, एकाच प्रक्रियेत उभ्या असलेल्या दोघांत असा भेद ठेवण्यास मला काही कारण दिसत नाही, आणि संसदेने तो दूर करावा.

आणि या सर्व शिक्षणाची फलश्रुती काय, असे कोणी विचारील, तर त्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे पाहावे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच इस्पितळातील एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला, आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच अंथरुणास खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. त्यांच्यापैकी अनेकींचा जन्मही त्या घटनेनंतरचा. तरीही शानबाग यांना भरविणे, स्वच्छ करणे, कूस बदलणे हे एका दिवसाच्याही खंडाशिवाय चालू राहिले. २०११ साली त्यांच्या दयामरणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा सदतीस वर्षांनंतरही त्यांच्या अंगावर एकही बेडसोर नव्हता. प्रात्यक्षिकाच्या खोलीत तळहाताने तपासलेल्या त्या चादरीचा अर्थ याहून अधिक मला सांगता येणार नाही.

अध्यापन करणाऱ्या इस्पितळात तीन रुग्णांमागे व इतर सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. आपल्या शासकीय इस्पितळांत रात्रीच्या पाळीला एकीच्या वाट्याला किती खाटा येतात, हे तेथे कोणासोबत रात्र काढलेल्या वाचकाला ठाऊक आहे. रिक्त जागा भरण्याची मागणी परिचारिकांच्या संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत आणि तिच्या मागे नागरिकांनीही उभे राहिले पाहिजे. तोवर आपल्या हातची एक गोष्ट आहे. वॉर्डात औषधांची ट्रॉली घेऊन सिस्टर खाटेखाटेशी जात असतात, तेव्हा त्या मनात त्या पाच गोष्टी मोजीत असतात. त्या वेळी त्यांना चादर, पंखा किंवा डॉक्टरांच्या येण्याची वेळ विचारण्यासाठी मध्येच हाक मारू नका. ट्रॉली पुढे सरकेपर्यंत थांबा.