खाऱ्या हवेतील मळसूत्र

सातपाटीपासून तारापूर-चिंचणीपर्यंतच्या किनारपट्टीत ज्यांची मोटार वर्षानुवर्षे उघड्या अंगणात उभी राहते, त्यांना तिच्या पोटाखालचा एखादा बोल्ट सोडविताना जी झुंज द्यावी लागते, ती घाटावरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्या गृहस्थाच्या वाट्यास इतक्या लवकर सहसा येत नाही. समुद्रावरून येणारा वारा मिठाचे सूक्ष्म कण आणतो, पावसाळा त्यांना महिनोन्‌महिने ओले ठेवतो, आणि हौसेने केळव्याच्या वा चिंचणीच्या वाळूवर उतरविलेली गाडी तर सायलेन्सरच्या जोडांपर्यंत खाऱ्या पाण्याचे शिंतोडे घेऊनच घरी परतते. लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू एवढे दोनच पुरतात. परंतु पाण्यात मीठ उतरले की त्याची विद्युत्‌वाहकता वाढून ही रासायनिक क्रिया कितीतरी वेगाने चालते. उत्पन्न झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि बोल्ट व नट यांच्या आट्यांमधली फट शतांश मिलिमीटरांत मोजावी एवढीच असल्यामुळे, त्यास बाहेर पडण्यास वाट न मिळून तो दोहोंमध्ये पाचरीसारखा ठासून बसतो. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट असेल, तर दोन भिन्न धातू आणि खारा ओलावा यांची एक लहानशी विद्युत्‌घटमालाच तेथे तयार होते व ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी आटे पकडून ठेवते.

अशा वेळी माणसाचा पहिला विचार अधिक जोर लावण्याचा असतो, आणि सर्व अनर्थाचे मूळ तेथेच आहे. नेहमीच्या प्रतीचा ८ मिलिमीटरचा बोल्ट साधारणतः अडीच किलोग्रॅम-मीटर इतक्या पिळाने आवळतात, म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर १० किलोंचा भार. आणि तोच बोल्ट चार किलोग्रॅम-मीटरच्या आसपास, म्हणजे १६ किलोंच्या भाराने, पिळवटून तुटतो. पान्याच्या मागे लांब नळी चढवून जो गृहस्थ सर्व अंगबळ खर्ची घालतो, त्याच्या हाती बोल्टाच्या कुवतीच्या अनेक पट शक्ती असते; गंजाची पकड बोल्टाच्या पोलादापेक्षा बलवत्तर असेल, तर गंजाऐवजी पोलादच शरण जाणार हे उघड आहे.

म्हणून आधी तारेच्या ब्रशाने आट्यांचा उघडा भाग साफ करावा, गंज सोडविण्याचे पातळ तेल घालावे आणि रात्रभर त्यास मुरू द्यावे. मधूनमधून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, बेताचे ठोके द्यावेत, कारण गंज ठिसूळ असल्याने धक्क्याने त्यास बारीक तडे जातात व तेलास आत शिरकाव मिळतो. उष्णता द्यावयाची ती शक्य तोवर बोल्टास नव्हे, त्याच्या भोवतालच्या धातूस: १० मिलिमीटर व्यासाचे पोलादी छिद्र ३०० अंशांनी अधिक तापले, तर ते सुमारे ०.०३६ मिलिमीटरने रुंदावते, आणि तेवढ्यानेही पकड ढिली होऊ शकते. मात्र तेल व चिंध्या दूर केल्यावाचून, तसेच पेट्रोलची नळी, ब्रेकचा पाइप वा रबरी बूश जवळ असता, ज्योत पेटविणे सर्वथा वर्ज्य समजावे. बोल्ट किंचित हलला की उल्हासाने तो एकदम फिरविण्याचा मोह होतो. परंतु सुटलेली भुकटी पुढच्या आट्यांत साचून तो पुन्हा अडतो, व माझ्या समजुतीने कित्येक बोल्ट याच घटकेस तुटतात. थोडा सोडावा, थोडा परत आवळावा, पुन्हा तेल द्यावे, हाच क्रम धरावा.

एवढे करूनही तो तुटलाच, तर उरलेल्या खुंटाची तपासणी करून मगच पुढची तजवीज ठरवावी. थोडा भाग वर राहिला असेल, तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करणे हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. त्यात पान्यास धरावयास नवे डोके मिळते, आणि वेल्डिंगची उष्णता थेट गंजापर्यंत पोहोचून त्याची पकडही मोडते. १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुविद्युत केंद्र आणि बोईसरची औद्योगिक वसाहत यांमुळे या मुलखात वेल्डर, फिटर आणि लेथवाले यांची वाण नाही, तेव्हा या टप्प्यावर काम जाणत्या हाती सोपविण्यात कमीपणा मानू नये. फक्त वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढून ठेवावी.

खुंट आतच राहिला असेल, तर तुटलेले तोंड आधी सपाट करावे, पंचने नेमका मध्य साधावा, आणि ३ मिलिमीटरच्या ड्रिलने, मंद गतीने व तेल देत, सरळ छिद्र पाडावे. सगळे यश या मध्यबिंदूवर अवलंबून आहे. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टास मूळ छिद्र ६.८ मिलिमीटरचे असते. ड्रिल बाजूस सरकले तर ते आटेच कापते, आणि मग छिद्र मोठे करून हेलिकॉईल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसविण्यावाचून गत्यंतर राहत नाही. उलट्या फिरकीचे ड्रिल मिळाल्यास तेच वापरावे. कधी कधी त्याच्याच ओढीने खुंट फिरून बाहेर येतो. इझीआऊट या निमुळत्या साधनावर मात्र माझा फारसा विश्वास नाही. ते खुंटास आतून फुगवून अधिकच घट्ट करते, आणि स्वतः अतिशय कठीण व ठिसूळ असल्याने आत तुटले तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. मग इंजिनाचा तो भाग उतरवून विजेच्या ठिणगीने धातू झिजविणाऱ्या यंत्राकडे न्यावा लागतो. सोव्हिएत रशियातील लाझारेन्को दांपत्याने १९४३ साली शोधलेली ही पद्धत तुटलेले हत्यार बिनबोभाट कोरून काढते. परंतु एका बोल्टापायी हा खर्च सामान्य माणसास जड जातो.

नवा बोल्ट बसविताना आटे टॅपने साफ करावेत आणि सायलेन्सरसारख्या तापणाऱ्या जागी तांब्याचे वंगण हलकेच लावावे. कोरडा बोल्ट आवळताना लावलेल्या पिळाचा सुमारे नऊदशांश भाग घर्षणातच खर्ची पडतो. वंगणाने ते घर्षण घटते व तेवढ्याच पिळाने बोल्ट अधिक ताणला जातो, यास्तव आवळण्याचे प्रमाण थोडे कमी ठेवावे आणि चाकांच्या नटांस, गाडीच्या पुस्तिकेत तसे सांगितले नसेल तर, वंगण लावूच नये. आणि हीच झुंज पुन्हा वाट्यास येऊ नये म्हणून वाळूवरून आलेल्या गाडीचा तळ त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा.