विमा घराचा, आणि परसाचा?

सांगलीला आमच्या अक्काचे घर आहे. कृष्णा तिथून फार लांब नाही. २००५ चा पूर पाहिल्यावर दाजींनी जुने घर उतरवले आणि नवे बांधताना जोते चांगले पुरुषभर उंच घेतले. शेजारी हसत, "घर बांधताय की किल्ला?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट! तेव्हा हसायला कोणी उरले नव्हते. पाणी अक्काच्या वरच्या पायरीला लागले आणि थांबले. घर वाचले.

पाणी ओसरल्यावर मी गेलो, तर अक्का परसदारी उभी. "घरात पाणी शिरलं नाही म्हणून देवापुढं नारळ फोडला रे, पण इकडं येऊन बघ."

परसात एक सुटी खोली होती, कॉलेजचा एक मुलगा तिथे राहत असे. तिची मागची भिंत खचलेली. स्कूटरच्या शेडचे पत्रे शेजाऱ्यांच्या अंगणात. आणि कंपाउंडची साठ-सत्तर फूट भिंत आडवी. ही भिंत भर पुरात पडलीच नव्हती, हे ऐकून नवल वाटेल. पुरात दोन्ही बाजूंना पाणी सारखेच, त्यामुळे ती तग धरते. पाणी उतरू लागले की एका बाजूची भिजून फुगलेली काळी माती तिला रेटत राहते आणि दुसऱ्या बाजूचा आधार मात्र गेलेला असतो.

दाजी निश्चिंत होते. घराचा विमा होता ना! सर्व्हेअर आले, चिखल तुडवीत सगळे पाहिले, फोटो काढले आणि पॉलिसीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते 'राहते घर'. परसातली खोली, शेड, भिंत यांचा उल्लेखच नव्हता. कोणी फसवले नव्हते. अर्जात 'घर' हा शब्द वाचून दाजींच्या डोळ्यांपुढे घरच आले, इतकेच. धाकटीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव त्या भिंतीत गेली.

त्यानंतर नियम बदलले. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी लागू केली. तिच्यात घराच्या व्याख्येतच त्याच आवारातली गॅरेज, राहण्याची सुटी खोली, कुंपणाची भिंत, फाटक, पाण्याची व मैल्याची टाकी, गोबरगॅस, सौर पॅनेल ही सारी मंडळी येतात. पूर, वादळ, आग यांबरोबर भूकंपही तिच्यात धरला आहे. पूर्वी त्यासाठी वेगळा हप्ता मोजावा लागे.

मात्र एक मेख आहे. घराची विमा-रक्कम चटईक्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणून निघते. आतल्या सामानाला तिच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, आपोआप मिळतात. आवारातल्या बांधकामांची रक्कम मात्र आपण सांगायची असते. अमेरिकेत अशा सुट्या बांधकामांसाठी घराच्या रकमेच्या १० टक्के सहसा न मागता धरतात. आपल्याकडे गवंड्याला बोलावून अंदाज घ्यावा आणि आकडा लिहावा. परसातल्या खोलीत कोणी दुकान थाटले असेल, तर तेही आधीच सांगितलेले बरे. ते राहते घर नव्हे.

साताऱ्यात काळजी पुराची नाही, उताराची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घर बांधणाऱ्याला भराव धरून ठेवणाऱ्या दगडी भिंतीचा खर्च चांगलाच ठाऊक असतो. जवळच कोयना; ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप जुनी माणसे विसरलेली नाहीत. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. या पॉलिसीत संरक्षक भिंतही आहे आणि दरड कोसळणेही. पण भरावाची माती आपोआप दबून भिंतीला तडा गेला, किंवा रचनाच सदोष म्हणून ती ढासळली, तर ते नुकसान भरून मिळत नाही. म्हणून भिंतीत पाणी निघायची भोके ठेवली आहेत ना, हे हप्ता भरण्याआधी पाहावे. साताऱ्याच्या माझ्या मावसभावाने ती स्वतः साफ केली. एका भोकातून नारळाची करवंटी निघाली!

अक्काने गेल्या खेपेला एजंटाला आधी चहा पाजला आणि मग घराभोवती फिरवले. शेड किती फुटांची, भिंतीची लांबी किती, फाटक लोखंडी, टाकी हजार लिटरची... बिचाऱ्याच्या वहीचे पान भरले. तुळशीवृंदावनापाशी तो थबकला. "काकू, हे कशात घालायचं?"

"ते राहू दे," अक्का म्हणाली. "एवढ्या पुरात ते हललंसुद्धा नव्हतं."