मामलूक सुलतानांचीं नांवें व त्यांचें वाचन

इजिप्त व शाम या देशांवर इ. स. १२५० पासून १५१७ पर्यंत मामलूकांचें राज्य होतें. ‘मामलूक’ म्हणजे मालकीचा, विकत घेतलेला. परंतु व्यवहारांत हा शब्द लष्करी शिक्षण दिलेल्या गुलामास, मुख्यत्वें तुर्कास व पुढें चर्केसास, लावीत. या काळच्या पोथ्यांत व शिलालेखांत येणारीं नांवें फार लांब असतात, व यादी करतांना त्यांतील शेवटचीं पदें गाळण्याचा मोह होतो. तीं गाळूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यास कुळ सांगतां येत नाहीं, त्याच्या पूर्वायुष्याचा दाखला त्या पदांतच असतो.

सुलतान बैबर्स (१२६०–७७) याच्या नांवांत ‘अल्‌बुंदुकदारी’ व ‘अस्‌सालिही’ अशीं दोन पदें येतात. पहिलें त्याचा आरंभींचा मालक अमीर ऐदकीन बुंदुकदार याजवरून, व दुसरें अय्यूबी सुलतान अस्‌सालिह याजवरून. म्हणजे दोन मालक, आणि तेही क्रमानें. (‘बुंदुकदार’ हें हुद्द्याचें नांव असून त्याचा संबंध गोळ्या मारण्याच्या धनुष्याशीं आहे. आपली ‘बंदूक’ याच शब्दापासून आली. तथापि येथें दारूच्या हत्याराची कल्पना करूं नये.) कलावून (१२७९–९०) हा तर ‘अल्‌अल्फी’ म्हणवी. अल्फ म्हणजे हजार. हजार दिनारांस तो विकत घेतला गेला, अशी या पदाची उपपत्ति देतात. राज्यावर बसल्यावरही त्यानें तें पद टाकलें नाहीं, यावरून त्या समाजांत गुलामगिरीचा मान कसा होता हें दिसतें.

फसगतीच्या जागाही आहेत. बर्कूक हा १३८२ सालीं सुलतान झाला. त्याच्या नांवांतील ‘उस्मानी’ या पदाचा कॉन्स्टँटिनोपलच्या घराण्याशीं कांहीं संबंध नाहीं. त्यास इजिप्तांत आणणाऱ्या व्यापाऱ्याचें नांव उस्मान होतें. कान्सूह ‘गौरी’ (१५०१–१६) हा दिल्लीच्या इतिहासांतील घोरी नव्हे. कैरो येथील ज्या लष्करी शाळेंत तो शिकला तिच्या नांवावरून तें पद आलें. ‘बिन अब्दुल्ला’ असें दिसल्यास त्यावरून वंशावळ रचूं नये. बाप मुसलमान नसे, तेव्हां हें नांव सर्रास घालीत. तुर्की नांवावरून तुर्क जातही ठरत नाहीं, कारण चर्केसही तसलींच नांवें घेत. मुलांस मात्र महंमद, अहमद अशीं नांवें देत. इतिहासकार इब्न तग्रीबिर्दी (मृ. १४७०) याचें स्वतःचें नांव यूसुफ, बापाच्या तुर्की नांवाचा अर्थ ईश्वरानें दिलेला, म्हणजे आपल्याकडील देवदत्तच.

इ. स. १५०८ मध्यें चौलच्या बंदरांत कान्सूहच्या आरमारानें, दीवच्या मलिक अयाझाच्या साह्यानें, पोर्तुगीजांचा पराभव केला व त्यांत लोरेन्सो द आल्मेदा पडला. त्या आरमाराचा मुख्य अमीर हुसेन ‘अल्‌कुर्दी’. येथील पद मालकाचें नसून जातीचें आहे. तेव्हां प्रत्येक पद स्वतंत्रपणें तपासलें पाहिजे.