आधी गावची शर्यत, मग बेचाळीस किलोमीटर

पहिली मॅरेथॉन म्हटली की अलिबाग-मुरूडच्या नव्या धावपटूची नजर थेट मुंबईकडे जाते. पण 42.195 किलोमीटरची खरी तयारी गावातल्या पाच-दहा किलोमीटरच्या शर्यतींत होते. स्नायूंत साठलेली साखर बहुतेकांना तीसेक किलोमीटरपर्यंतच पुरते. त्यापुढे चरबीवर धावण्याची सवय लागते, आणि ती महिनोन्‌महिने संथ धावूनच जडते. इतकी चिकाटी एकट्याने टिकवणे कठीण असते. त्यासाठी सोबत हवी, जवळच्या शर्यतीची तारीखही हवी; गावची शर्यत दोन्ही देते. इतिहासही हेच सांगतो: पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेतले अनवाणी धावपटू पाहून उद्योगपती दोराबजी टाटांनी भारतीय खेळाडू ऑलिंपिकला पाठवण्याचा विचार केला. पुढे बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. या वाटेची सुरुवात स्थानिक मैदानावरच झाली होती.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत धावणे धोक्याचे, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, त्यामुळे शरीर तापते. म्हणून शर्यत सूर्योदयापूर्वी सुरू व्हावी, वेग कमी ठेवावा, वाटेत पाण्याबरोबर मीठ-साखरही मिळावी. मुंबईची हवाही दमटच असल्याने हा सराव तिथे उपयोगी पडतो. वाळूने गुडघे दुखतात, हेही काही अंशी खरे. मात्र ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, आणि किनाऱ्याचा उतार पाहता जाऊन-येऊन धावले की दोन्ही पायांवर भार सारखा पडतो. ग्रामपंचायती, शाळा आणि क्रीडामंडळांनी वर्षातून एक छोटी शर्यत भरवावी. पहिल्या मॅरेथॉनची सुरुवात आपल्याच किनाऱ्यावरून होऊ द्या.