व्हिडिओ थांबवा, कोड आठवा

नोकरी सांभाळून रात्री पायथॉन शिकणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते: व्हिडिओ बघताना सगळे कळते, पण कोरी फाइल उघडली की काहीच सुचत नाही. हा वयाचा दोष नाही, अभ्यासाच्या पद्धतीचा आहे.

अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी छोटे उतारे वाचले. मग काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काही न बघता आठवून लिहिले. 5 मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन सरस ठरले. आठवड्याने मात्र चित्र पालटले: आठवून लिहिलेला मजकूर सुमारे 56 टक्के लक्षात राहिला, पुन्हा वाचलेला 42 टक्के. पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि तो आपल्याला येतो, असा समज होतो. स्मृती पक्की होते ती आठवण्याच्या खटपटीने.

कोडिंगला हे कसे लावायचे? उदाहरण पाहून झाले की ते झाका आणि स्वतः टाइप करा. प्रोग्राम चालवण्याआधी उत्तर काय येईल ते वहीत लिहा. पायथॉनमध्ये रेंज(1, 5) वर लूप फिरवला की 1 ते 5 आकडे येतील, असे नवशिक्याला वाटते. येतात 1 ते 4. आधी अंदाज बांधलेला असला की ही चूक चांगली लक्षात राहते. तोच प्रोग्राम दोन दिवसांनी, मग आठवड्याने, कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा लिहा.

रोज अर्धाच तास मिळत असेल, तर 10 मिनिटे बघा आणि 20 मिनिटे लिहा.